माशी, उंदीर की संगणक? विद्यापीठात जनुकशास्त्रज्ञ होऊ पाहणाऱ्याला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: एमएस्सीचे शेवटचे वर्ष, पुढे जनुकशास्त्रात पीएचडी आणि त्यानंतर विद्यापीठातच शिकवणे व संशोधन करायचा विचार. दोन प्रयोगशाळांकडून होकार आला आहे, एक फळमाशीवर काम करते आणि दुसरी उंदरावर. तिसरा पर्याय जीनोमच्या डेटावर संगणकाने काम करण्याचा. ‘यातले कोणते क्षेत्र भविष्याच्या दृष्टीने चांगले, आणि या लोकांचे रोजचे आयुष्य नेमके असते कसे?’

मला विचाराल तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कळले की पहिला निम्मा सुटतो. कोणत्या क्षेत्राला पंधरा वर्षांनी भाव असेल, हे कोणी छातीठोकपणे सांगू लागले तर त्याच्यापासून लांब राहा. बॅक्टेरियांमध्ये संकर होतच नाही असा समज रूढ होता, तेव्हा लेडरबर्ग आणि टेटम यांनी १९४६ मध्ये ई. कोलाय हे आतड्यातले बॅक्टेरिया एकमेकांशी जनुके बदलतात हे दाखवले आणि दहा-पंधरा वर्षांत अर्धे जनुकशास्त्र बॅक्टेरियांकडे वळले. जनुके हवी तशी बदलायला आज वापरतात त्या क्रिस्परचेही तसेच. २०१२ पूर्वी तो मूठभर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांचा विषय होता. अंदाज बांधून क्षेत्र निवडणाऱ्यांपैकी कोणालाही ही वळणे आधी दिसली नव्हती. तेव्हा तुमचा खरा प्रश्न मी असा वाचते: पुढची तीस वर्षे मी कोणत्या वेगाने काम करायला तयार आहे? हा वेग बऱ्याच अंशी तुम्ही ज्या जिवावर प्रयोग करता तो जीव ठरवतो. विद्यापीठ किंवा मार्गदर्शक नंतर येतात.

आधीच सांगून टाकते, मी माशीवाली आहे. कारकिर्दीचा बहुतेक काळ ड्रोसोफिलाच्या, म्हणजे फळमाशीच्या, बाटल्यांमध्ये गेला, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लक्षात ठेवूनच पुढचे वाचा. शिवाय कायम नोकरी कितव्या वर्षी मिळते, आठवड्याला किती तास शिकवावे लागते, पोस्टडॉकशिवाय (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाशिवाय) जागा मिळते का, हे सगळे देशागणिक आणि विद्यापीठागणिक बदलते. त्याबद्दल मी काही सांगणार नाही, तिथे नुकत्याच रुजू झालेल्या एखाद्या तरुण प्राध्यापकाला विचारा.

आता वेगाबद्दल. ई. कोलायची संख्या अनुकूल परिस्थितीत सुमारे २० मिनिटांत दुप्पट होते, यीस्टची दीड तासात. सी. एलेगन्स या सूत्रकृमीची पिढी तीन-साडेतीन दिवसांची. फळमाशीला २५ अंश तापमानात अंड्यापासून माशीपर्यंत दहा दिवस लागतात. अरेबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपाला बीपासून बीपर्यंत सहा ते आठ आठवडे, उंदराला अडीच-तीन महिने. मक्याचे पीक शेतात वर्षाला एक, हरितगृह असेल तर दोन. माणसाच्या पिढीला पंचवीसएक वर्षे, आणि माणसांचे संकर लावता येत नाहीत ते वेगळेच.

हे आकडे पाठ्यपुस्तकात एका तक्त्यात येतात आणि आपण ते परीक्षेपुरते पाठ करतो. प्रत्यक्षात ते आयुष्यात घुसतात. माशीची मादी कोशातून बाहेर पडल्यावर २५ अंशांत सुमारे आठ तास संभोग करत नाही. संकर लावायचा तर मादी कुमारीच हवी, कारण ती नराचे शुक्राणू साठवून ठेवते आणि आधी भलत्याच नराशी संबंध आला असेल तर सगळी संतती निरुपयोगी. म्हणून सकाळी लवकर येऊन बाटल्या रिकाम्या करायच्या आणि आठ तास उलटायच्या आत परत येऊन नव्या माद्या वेचायच्या. फिकट अंग, पोटात काळसर ठिपका, पंख नीट उघडलेले नाहीत अशी मादी दिसली की ती कुमारी, हे डोळ्याला महिन्याभरात कळायला लागते. बाटल्या १८ अंशांत ठेवल्या तर ही मुदत जवळपास दुप्पट होते, त्यामुळे ज्याला रात्रीची झोप प्रिय आहे तो रात्री बाटल्या थंड इन्क्युबेटरमध्ये सरकवतो. मोठे संकर चालू असताना विद्यार्थ्यांची सुट्टी, आजारपण, प्रेमप्रकरण सगळे या घड्याळाभोवती फिरते.

त्यात माशीचे स्टॉक बॅक्टेरियांसारखे गोठवून वर्षानुवर्षे ठेवण्याची सोय रोजच्या वापरात नाही. दर काही आठवड्यांनी प्रत्येक वाण नव्या बाटलीत पलटावे लागते, नाहीतर ते मरते. शेकडो वाणे असलेल्या प्रयोगशाळेत हे काम कधी संपत नाही. याच्या अगदी उलट टोकाला रिचर्ड लेन्स्की यांचा प्रयोग. १९८८ च्या फेब्रुवारीत त्यांनी ई. कोलायच्या १२ वसाहती वाढवायला सुरुवात केली, दर ५०० पिढ्यांनी नमुने गोठवले. त्यातल्या एका वसाहतीने सुमारे ३१ हजार पिढ्यांनंतर ऑक्सिजनच्या उपस्थितीत सायट्रेट खाण्याची क्षमता कमावली, तेव्हा त्यांना गोठवलेले पूर्वज वितळवून पुन्हा विचारता आले की हे कधी शक्य झाले. २०२२ मध्ये हा प्रयोग त्यांनी दुसऱ्या विद्यापीठातील जेफ्री बॅरिक यांच्याकडे सोपवला. प्रयोग त्याच्या मूळ मालकाच्या कारकिर्दीपेक्षा लांब चालला, असे भाग्य आपल्या विषयात फार थोड्यांना मिळते.

उंदराचे गणित तर पीएचडीला बसण्यापूर्वी कागदावर करून पाहाच. समजा, दोन जनुके दोन्ही प्रतींत बिघडलेला उंदीर हवा आहे आणि आईवडील दोघेही दोन्ही जनुकांसाठी हेटरोझायगस आहेत, म्हणजे प्रत्येक जनुकाची एक प्रत चांगली आणि एक बिघडलेली. जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असली तर १६ पिल्लांत सरासरी एक तसे निघणार. एका वेतात सहा ते आठ पिल्ले. म्हणजे एका उपयोगी उंदरासाठी दोनएक वेते, आणि प्रयोगाला लागणार त्याच वयाचे, त्याच लिंगाचे दहा. वाण स्वच्छ करायला दहा पिढ्या बॅकक्रॉस, म्हणजे मूळ वाणाशी पुन्हा पुन्हा संकर, करायचे म्हटले तर दोन-अडीच वर्षे तिथेच गेली. हेच माझ्याकडे असते तर एका माशीने शेकडो अंडी घातली असती आणि बॅलन्सर, म्हणजे डोळ्याला दिसणारी खूण असलेल्या खास गुणसूत्रामुळे वाकड्या पंखांकडे बघून कोणती माशी ठेवायची ते दोन मिनिटांत कळले असते. पण मग समीक्षक विचारणार, सस्तन प्राण्यात हे खरे आहे का? तो प्रश्न उंदीरवाल्याला कमी वेळा ऐकावा लागतो. ही अदलाबदल आहे, यात कोणी जिंकत नाही.

जीव चुकीचा निवडला तर काय होते याचे सर्वात बोलके उदाहरण आपल्या विषयाच्या मूळ पुरुषाचेच आहे. मेंडेलने आठ वर्षांत वाटाण्याची सुमारे २८ हजार रोपे तपासली आणि १८६६ मध्ये नियम छापले. त्यानंतर त्याने म्युनिकचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक नेगेली यांच्याशी पत्रव्यवहार करत हॉकवीड या रानफुलावर काम केले. हॉकवीडमध्ये बहुतेक बी फलनाशिवाय तयार होते, संतती आईची हुबेहूब नक्कल. मेंडेलला हे ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. वाटाण्यात दिसलेले गुणोत्तर तिथे दिसेना. माणूस तोच, पद्धत तीच, चिकाटीही तीच, फक्त वनस्पती बदलली. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते की प्रश्न आधी एका वाक्यात लिहा, मग या जिवाचे प्रजनन त्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकते का ते तपासा. प्रयोगशाळेत तो जीव आहे म्हणून प्रश्न त्याला चिकटवणे हा आपल्याकडचा फार जुना रोग आहे.

माणसावरचे जनुकशास्त्र हे वेगळेच आयुष्य. तिथे कुटुंबे शोधायची, त्यांचा विश्वास मिळवायचा, संमती घ्यायची आणि थांबायचे. मेरी-क्लेअर किंग यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यावर स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिक धागा शोधायला घेतला, तेव्हा अशा गुंतागुंतीच्या आजारामागे एखादे जनुक सापडेल हे फारसे कोणाला पटत नव्हते. १९९० मध्ये त्यांच्या गटाने ते जनुक १७ व्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. त्यानंतर शर्यत सुरू झाली आणि १९९४ मध्ये बीआरसीए-१ हे जनुक प्रत्यक्ष वेगळे केले ते दुसऱ्याच गटाने. पंधराएक वर्षे चिकाटीने काम आणि शेवटची पायरी दुसऱ्याची. किंग यांचे श्रेय त्यामुळे कमी झाले नाही, पण तुमच्या स्वभावाला हे झेपेल का, याचा विचार आत्ताच करा.

आता पदांच्या पायऱ्या. त्या थोडक्यात सांगते, कारण सगळीकडे साधारण सारख्याच आहेत. पीएचडीत तुम्ही दुसऱ्याच्या प्रश्नावर काम करता. पोस्टडॉकमध्ये दुसऱ्याच्या पैशावर स्वतःच्या प्रश्नावर. त्यानंतर जागा मिळालीच तर स्वतःच्या पैशावर, म्हणजे ग्रँटवर, दुसऱ्यांच्या हातांनी काम करता. आपल्या विषयात पेपरवर पहिले नाव काम करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळा चालवणाऱ्याचे असते. पहिल्या नावावरून शेवटच्या नावापर्यंतचा हा प्रवास म्हणजेच कारकीर्द. त्यात एक गोष्ट हळूहळू सुटत जाते आणि तिच्याबद्दल कोणी आधी सांगत नाही: मायक्रोस्कोप. प्राध्यापकाचा दिवस ग्रँटचे अर्ज, विद्यार्थ्यांचे मसुदे, दुसऱ्यांच्या पेपरची समीक्षा, परीक्षा आणि समित्या यांत जातो. माशा बघायला आवडते म्हणून या क्षेत्रात आलेल्या माणसाला हे लागते. मला लागले. काही सहकाऱ्यांना मात्र यातच खरी गोडी सापडली, आणि ते माझ्यापेक्षा चांगले प्रयोगशाळाप्रमुख आहेत.

ग्रँटबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा. पैसे बहुधा तीन ते पाच वर्षांसाठी मिळतात आणि पुढचा अर्ज करताना प्राथमिक पुरावा दाखवावा लागतो. म्हणजे चालू ग्रँटमधले काम करतानाच पुढच्या ग्रँटची पहिली आकृती तयार व्हायला हवी. माशीत ते जमून जाते. उंदरात वाण तयार व्हायलाच अर्धी मुदत संपते, त्यामुळे उंदीरवाले नेहमी एक पाऊल आधी विचार करतात, नाहीतर बुडतात. याच कारणाने मी प्रत्येक पीएचडी विद्यार्थ्याला दोन प्रकल्प देते. एक खात्रीचा, ज्यात म्यूटंट, म्हणजे जनुक बदललेले वाण, हातात आहे आणि त्याचा तपशीलवार अभ्यास करायचा आहे. दुसरा स्क्रीनचा, ज्यात हजारो वाणे चाळायची आणि काय निघेल ते माहीत नाही. पहिल्याने प्रबंध होतो. दुसऱ्यातून काही निघाले तर कारकीर्द घडते, नाही निघाले तर प्रबंधाला धक्का लागत नाही.

शिकवण्याला कमी लेखू नका. जनुकशास्त्र शिकवणे हे वरवर सोपे वाटते, पनेट चौकोन (संततीत कोणते गुण किती येतील याचा तक्ता) काढला की झाले. पण वर्गात बसलेल्या प्रत्येकाला आईवडील असतात आणि हा विषय थेट त्यांच्यावर बोट ठेवतो. डोळ्यांचा रंग एका जनुकाने ठरतो असे शिकवले की एखादी मुलगी घरी जाऊन हिशेब करते आणि निष्कर्ष काढते की बाबा आपले नाहीत. प्रत्यक्षात डोळ्यांच्या रंगात अनेक जनुकांचा हात असतो आणि निळ्या डोळ्यांच्या जोडप्याला तपकिरी डोळ्यांचे मूल होऊ शकते. जीभ वळवता येण्याचेही तसेच. जनुकशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९४० मध्ये तो आनुवंशिक गुण असल्याचे मांडले, १९५२ मध्ये एकसारख्या जुळ्यांमध्येही एकाला जमते आणि दुसऱ्याला नाही हे दिसून आले, १९६५ मध्ये स्टर्टेव्हंट यांनी स्वतःच आपला दावा सोडून दिला. तरी शाळा-कॉलेजांत तो प्रयोग अजून चालतो. मी वर्गात घरच्या माणसांचे गुण गोळा करायला कधीच सांगत नाही. बनावट वंशावळी वापरते, त्याने शिकणे अजिबात कमी होत नाही.

आणि या विषयाच्या इतिहासाची जबाबदारीही शिकवणाऱ्यावर येते. सुप्रजननशास्त्राच्या (युजेनिक्स, म्हणजे ‘चांगल्या’ माणसांचीच पैदास व्हावी या विचाराच्या) नावाखाली झालेल्या अन्यायात विद्यापीठांतले जनुकशास्त्रज्ञ बाहेरून बघत उभे नव्हते, ते आत होते. आज ‘अ‍ॅनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’ म्हणून ओळखले जाणारे नियतकालिक १९५४ पर्यंत ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’ या नावाने निघत होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने या विचाराचे पुरस्कर्ते गाल्टन आणि पिअर्सन यांची नावे आपल्या सभागृहांवरून आणि इमारतीवरून काढली ती २०२० मध्ये. विद्यार्थी हे विचारतात, विचारायलाच हवे, आणि ‘तो काळ वेगळा होता’ एवढ्यावर सुटका करून घेता येत नाही.

इथवरचे एका दमात सांगायचे तर: जिवाचा वेग तुमचा दिवस आणि तुमची पीएचडी किती लांबेल हे दोन्ही ठरवतो, प्रश्न जिवाला साजेसा हवा, आणि पुढे पुढे हाताने करायचे काम कमी होऊन माणसे व पैसे सांभाळणे वाढते. उरला संगणक.

‘आता सगळे संगणकावरच चालते’ हे अर्धे खरे आहे. जीनोमच्या डेटावर काम करणाऱ्याला पिढीची वाट पाहावी लागत नाही, ही फार मोठी सोय. पण जो डेटा सार्वजनिक आहे तो तुमच्या आधी दुसऱ्या कोणीतरीही उघडलेला असतो. माझा म्यूटंट माझ्या बाटलीत आहे, तो मी दिल्याशिवाय कोणाला मिळत नाही. तुमचे विश्लेषण मात्र उद्या दुसरा गट तुमच्या आठवडाभर आधी छापू शकतो. त्या क्षेत्रात वेग तुमचे स्पर्धक ठरवतात. दुसरे असे की हजारो माणसांच्या डीएनएमध्ये एखादा बदल आजाराबरोबर दिसला म्हणजे तोच बदल आजार घडवतो असे ठरत नाही. ते तपासायला शेवटी कोणीतरी पेशीत, माशीत किंवा उंदरात तो बदल करून बघावा लागतो.

पण प्रयोगशाळेवाल्यांनीही संगणकापासून पळू नये. स्टर्टेव्हंट हे नाव वर आले आहे. कोलंबिया विद्यापीठात जनुकशास्त्रज्ञ मॉर्गन यांच्या माशीखोलीत ते पदवीचे विद्यार्थी होते. इतरांनी मोजून ठेवलेले आकडे ते एका संध्याकाळी घरी घेऊन गेले आणि सकाळपर्यंत एक्स गुणसूत्रावरच्या जनुकांचा क्रम व अंतरे मांडून आणली. १९१३ मध्ये छापलेला तो जगातला पहिला जनुकीय नकाशा. त्या रात्री त्यांनी एकही माशी पाहिली नव्हती, होते ते आकडे आणि डोके. माशा मोजणारे आणि आकडे लावणारे एकाच टेबलाभोवती बसत होते, म्हणून ते जमले. आज ही माणसे वेगवेगळ्या इमारतींत बसतात आणि मधल्या फटीत गंमतशीर गोष्टी घडतात. ‘सेप्ट-२’ आणि ‘मार्च-१’ ही जनुकांची नावे एक्सेल तारखा समजून बदलून टाकत असे. २०१६ च्या एका पाहणीत एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या पेपरांपैकी सुमारे पाचव्या भागात अशा चुका सापडल्या. अखेर २०२० च्या सुमारास मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने ती जनुकेच नव्या नावांनी नोंदवली. एका सॉफ्टवेअरपुढे अख्ख्या विज्ञानशाखेने हात टेकले! सांगायचा मुद्दा, स्वतःचा डेटा स्वतः तपासण्याइतके प्रोग्रॅमिंग माशीवाल्यालाही यायलाच हवे. तुमच्या दोन्ही प्रयोगशाळांत ते शिकता येईल.

‘विद्यापीठातच’ या तुमच्या आग्रहाबद्दलही थोडे. मक्यावर काम करणाऱ्या जनुकशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी अमेरिकेतल्या मिझुरी विद्यापीठात सहायक प्राध्यापकपद स्वीकारले, तिथे आपल्याला भवितव्य नाही असे वाटून ते सोडले आणि १९४१ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर या संशोधनसंस्थेत गेल्या. उड्या मारणारी, म्हणजे जीनोममध्ये जागा बदलणारी, जनुके त्यांना तिथल्या मक्यात दिसली, नोबेल मिळाले १९८३ मध्ये. त्यांची गोष्ट एकाकी, दुर्लक्षित बाई म्हणून सांगितली जाते, ती मला पटत नाही. १९४४ मध्ये त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आल्या, १९४५ मध्ये जेनेटिक्स सोसायटी ऑफ अमेरिकेच्या अध्यक्ष होत्या. सहकाऱ्यांना त्यांचा दर्जा ठाऊक होता, फक्त त्या एका निष्कर्षाचे काय करायचे ते कळत नव्हते. पण त्यांना हवी तशी वर्षाला एक-दोन पिके घेत, घाई न करता विचार करण्याची मोकळीक विद्यापीठाने दिली नाही, दुसऱ्या संस्थेने दिली. हळू चालणारा जीव निवडलात तर हा मार्गही मोकळा ठेवा.

मी तुमच्या जागी असते तर त्या दोन्ही प्रयोगशाळांत एकेक आठवडा नुसते बसायला मागितले असते. तिथल्या प्रमुखांपेक्षा तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोला. मागच्या तीन विद्यार्थ्यांच्या पीएचडीला किती काळ लागला, स्टॉक किंवा पिंजरे सुट्टीत कोण सांभाळते, एखादा प्रकल्प दोन वर्षांनी फसला तेव्हा मार्गदर्शकाने काय केले, हे विचारा. आणि एक प्रश्न बहुतेक जण विचारायला लाजतात, तो मार्गदर्शकालाच विचारा: बाहेर पडताना मी कोणते वाण, कोणता प्रश्न सोबत नेऊ शकेन? पुढे स्वतःची प्रयोगशाळा उभी करताना पहिली दोन वर्षे त्याच सामानावर निघतात. ज्या मार्गदर्शकाकडे याचे स्पष्ट उत्तर तयार असेल, भले ते ‘हे नाही, पण ते ने’ असे असो, त्याच्याकडे जा. मग तो माशीवाला असो की उंदीरवाला.